नाताळ, खून आणि कुत्रे

दिवाळी अंक वाचून संपले, की नाताळच्या सुट्टीत काय वाचायचं हा आपल्या घरांतला नेहमीचा प्रश्न. या खेपेला आम्ही एक इंग्रजी रहस्यकथा सुचवतो: डेव्हिड रोझेनफेल्ट यांची ‘डॅक्सहुंड थ्रू द स्नो’ (२०१९). नाव म्हणजे ‘जिंगल बेल्स’च्या सुरुवातीवर केलेली कोटी. डॅक्सहुंड म्हणजे तो आखूड पायांचा, लांबलचक कुत्रा.

नायक अँडी कार्पेंटर हा न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा वकील. २००२ सालच्या ‘ओपन अँड शट’पासून ही मालिका चालू आहे. वारशाने गडगंज पैसा मिळाल्यामुळे त्याला कामाचा मनस्वी कंटाळा. (आपलंही स्वप्न हेच, फक्त वारसा तेवढा राहून गेला!) त्याचा जीव ‘टारा’ या गोल्डन रिट्रीव्हर कुत्रीवर आणि बेवारशी कुत्र्यांना घरं मिळवून देणाऱ्या संस्थेवर. ही संस्था काही हवेतून आलेली नाही. रोझेनफेल्ट पतिपत्नींनी खरोखरच टारा फाउंडेशन काढून हजारो कुत्रे वाचवले.

अँडीची बायको लॉरी माजी पोलीस, आणि तिला नाताळचं भारी वेड. गरजूंनी सँटाकडे मागितलेल्या गोष्टींच्या चिठ्ठ्यांतून ती काही निवडते. त्यात डॅनी नावाच्या मुलाची चिठ्ठी निघते. त्याला हवाय आईसाठी कोट, मर्फी नावाच्या डॅक्सहुंडसाठी स्वेटर, आणि हरवलेले बाबा परत. कोट-स्वेटर दुकानात मिळतात. बाबांवर मात्र १४ वर्षांपूर्वीच्या खुनाचा आरोप! झालं, अँडीसाहेबांना कोर्टात उभं राहावंच लागतं. खुनी कोण ते सांगून आम्ही तुमची सुट्टी वाया घालवणार नाही.

पण आमच्या मनात राहिला तो दुसराच खटला. कोरी डग्लस हा पोलीस निवृत्त होतोय आणि सायमन हा त्याचा जर्मन शेफर्डही सोबत निवृत्त व्हावा, एवढंच त्याचं मागणं. पोलीस खातं म्हणतं, नाही. कायद्याच्या लेखी कुत्रा म्हणजे मालमत्ता, टेबल-खुर्चीसारखी. मग अँडी चक्क सायमनचं वकीलपत्र घेतो. वाचताना हसू येतं, पण प्रश्न खरा आहे: ज्याने आपल्यासाठी जीव धोक्यात घातला, त्याचं आपण काही देणं लागतो की नाही?

आपल्याकडे युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारात हेच उत्तर दिलं होतं. बरोबर आलेल्या कुत्र्याला बाहेर ठेवून आत जायला तो तयार नव्हता. हायस्कूलमधल्या मुलांना हे पुस्तक द्या आणि ती गोष्टही सांगा. महाभारत ऐकायला एरवी कंटाळणारी मुलं या वाटेने ऐकतील, असं आम्हाला वाटतं.

पुस्तक थोर साहित्य नव्हे. आमच्या आधीच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार जसा एका बैठकीत संपवला, तसं संपवायचं. आवडलं तर ‘द ट्वेल्व्ह डॉग्ज ऑफ ख्रिसमस’ (२०१६) आणि ‘डेक द हाउंड्स’ (२०१८) आहेतच.

फक्त एक धोक्याची सूचना. शेवटचं पान उलटताच मुलं म्हणणार, “आपण कुत्रा आणू या ना!” तेव्हा उत्तर आधीच ठरवून ठेवा. डॅक्सहुंड १२-१५ वर्षं सहज जगतो. मुलं कॉलेजला निघून जातील, आणि बर्फात त्याला फिरवायला आईबाबाच उरतील. भारतात जाताना त्याला कुठे ठेवायचं, हेही बघावं लागेल. एवढं सगळं ध्यानात घेऊन ‘हो’ म्हणणार असाल, तर बेवारशी कुत्र्यांच्या शेल्टरवरच जा. अँडी कार्पेंटरही तेच सांगेल.