निवाऱ्याच्या दारात जात कशाला?



किन्हीराजापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तेव्हा समुद्री वादळाची उठाठेव आपणांस कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपली किती मुले आज पोटासाठी मुंबई, पनवेल, अलिबागच्या बाजूस पत्र्याच्या खोल्यांत राहतात? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा असेच पत्रे पाचोळ्यासारखे उडाले.

वादळात जीव नशिबाने वाचतो, हे म्हणणे आता सोडून द्या. १९९९ च्या वादळात ओडिशात सुमारे १०,००० माणसे प्राणास मुकली. त्याच ओडिशात २०१३ साली ‘फायलीन’ येण्यापूर्वी लाखो लोकांना हलविण्यात आले, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हवामान खाते ४८ तास आधी सावधगिरीची आणि २४ तास आधी धोक्याची सूचना देते. पहिल्या सूचनेसरशी जाण्याची जागा, वाट व वाहन ठरवा. वृद्ध, बाळंतीण व आजारी यांना आधी हलवा. मध्येच वारा पडला तर घराकडे धावू नका. तो वादळाचा डोळा असतो. थोड्याच वेळात उलट दिशेने तसाच प्रचंड वारा सुटतो.

इतके सांगूनही माणसे घर का सोडीत नाहीत? साहेब म्हणतात, अज्ञान. मी म्हणतो, अनुभव! डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिणमच्या बाजूस दलितांना छावण्यांत जागा नाकारल्याच्या, पाण्यापासून दूर ठेवल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. जिथे अपमान ठरलेला, तिथे स्वाभिमानी माणूस पाऊल टाकील कशाला? म्हणून निव्वळ ‘घरे सोडा’ अशी दवंडी पिटणे म्हणजे योजना नव्हे.

कायदा मात्र आपल्या बाजूस आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ मदत व भरपाई देताना जात, धर्म, वंश, समाज वा लिंग यांवरून भेद करण्यास मनाई करते. अनुसूचित जातीच्या माणसास सार्वजनिक जागी जाण्यापासून अडविणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ‘तुम्ही बौद्ध झालात, तो कायदा तुम्हांस लागू नाही,’ असे सांगणारे शहाणे अजून भेटतात. तो निव्वळ बुद्धिभेद होय! १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे. यासाठीच जातीचा दाखला शिधापत्रिकेबरोबर मेणकापडात बांधून ठेवा.

किनाऱ्यावरील आपल्या माणसांस हे आजच कळवा. त्यांनी मे महिना उजाडण्यापूर्वी तहसीलदारांकडे लेखी अर्ज करावा: आमच्या वस्तीसाठी निवारा कोणता, त्याची किल्ली कोणाकडे, भाड्याने राहणाऱ्यांची नावे यादीत आहेत काय, पाणी व पंगत सर्वांस एकच काय? तोंडी उत्तरावर समाधान मानू नये, आणि अर्जाची पोच हाती पडल्यावाचून कचेरीची पायरी उतरू नये.