‘पासून’ने केलेली फसगत

वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारून हे वाक्य पाहा : ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ नोकरीच्या अर्जात ते हमखास भेटते. लिहिणारा हुशार असतो, ५ वर्षांचे कामही खरे असते. पण वाचणारा साहेब इंग्रजीत मुरलेला असला तर त्याच्या कपाळाला आठी पडते आणि अर्ज खाली जातो.

दोष आपल्या ‘पासून’चा! मराठीत ‘सोमवारपासून’ चालते, तसेच ‘५ वर्षांपासून’ही चालते. इंग्रजीने मात्र वाटणी केली आहे. ‘सिन्स’ला हवा आरंभाचा क्षण : सोमवार, सकाळ, २०२०. ‘फॉर’ला हवी लांबी : २ तास, ५ वर्षे. शिवाय आपल्याला ‘काम करतो’ एवढा साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजवर चाललेल्या कामाला ‘हॅव’चे साह्य लागते. म्हणून लिहा : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ हवे तर खाली रेघ मारून ठेवा.

वाक्प्रचारांची तऱ्हा आणखी न्यारी. ‘ही इज पुलिंग युअर लेग’ असे कुणी म्हटले तर लगेच बाह्या सरसावू नका. आपल्याकडे पाय ओढणारा दुसऱ्याला वर चढू देत नाही. इंग्रज पाय ओढतो तो निव्वळ थट्टेने. उलट ‘त्याने माझे डोके खाल्ले’ हे शब्दशः इंग्रजीत नेलेत, तर साहेबाला वाटायचे, नरभक्षकच भेटला की काय! तेथे ‘ही पेस्टर्ड मी’ म्हणावे.