म्हातारीच्या पोटी मल्लाचे बळ!

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत दुप्पट ताकदीचे इंजिन बसविले आणि वर पेढे वाटले! मी विचारतो, कशासाठी? कुर्ल्याच्या कारखान्याने या गाडीला १०८९ सी. सी.चे इंजिन दिले. गिअरबॉक्स, स्प्रिंगा, चारही चाकांचे ड्रमब्रेक, सारे त्याच बेताने. आता धावण्याचे बळ दुणावले. थांबण्याचे होते तेवढेच! खंडाळ्याच्या उतारावर ड्रम तापले, की पाय कितीही दाबा, ब्रेक नीट धरीत नाही. मागच्या बाकावर मुले बसतात, महाराज! शिवाय आर. टी. ओ.ची परवानगी नाहीच. नोंदणीपुस्तकात अजून जुन्या इंजिनाचा क्रमांक. वेगाची एवढी हौस, तर नवी गाडी घ्यावी. वडिलांचे ते मूळ इंजिन, म्हणे, भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेले.