संगणकाचे गुण आणि गुणांक

संपादक महाशय यांस,



आपल्या गेल्या अंकातील संगणक-खरेदीविषयक लेखात, चाचणीत ज्याचे गुणांक अधिक तोच संगणक घरच्या व कचेरीच्या कामाला अधिक लायक, असा दंडक लेखकाने घालून दिला आहे. त्यांच्या व्यासंगाविषयी तिळमात्र शंका नसूनही हा दंडक मला मान्य करता येत नाही. कारण त्याच्याबरहुकूम खरेदी करून त्याचे प्रायश्चित्त भोगलेल्यांपैकी मी एक आहे.

आमच्या ग्रंथालयाच्या दप्तरासाठी तीन वर्षांपूर्वी संगणक घ्यावयाचे ठरले, तेव्हा कार्यकारी मंडळाने दरपत्रके मागवून, प्रोसेसरांच्या गुणांकांचा तक्ता मांडून, सर्वांत वरच्या यंत्रावर शिक्कामोर्तब केले. यंत्र आले, परंतु सकाळी कळ दाबल्यापासून सभासदांची नोंदवही पडद्यावर उघडेपर्यंत ग्रंथपालांचा चहा होऊन जाई. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, त्या उत्तम प्रोसेसरच्या पदरी फिरती हार्ड डिस्क व अवघी 4 जीबी रॅम बांधलेली होती, आणि ज्या चाचणीचे गुणांक आम्ही प्रमाण मानले तीत या दोहोंची पारख जवळजवळ होतच नव्हती.

यातील कारणमीमांसा अवघड नाही. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवरील हवी ती नोंद वाचण्याच्या जागी फिरून येण्यास सरासरी 4 मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधीत 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची सुमारे 1 कोटी 20 लाख आवर्तने होऊन जातात. वाट पाहणारा अधिक चपळ असला म्हणून येणारा लवकर येत नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅम्डाल यांनी 1967 मध्ये केलेल्या युक्तिवादाचे सारही हेच आहे: कामाचा जो हिस्सा आपण वेगवान करतो, तो एकूण वेळेचा दशांश असेल, तर तो शून्यावर आणला तरी दशांशाहून अधिक बचत होणे नाही.

चाचण्यांचा इतिहासही सावधगिरीच शिकवतो. 1972 ची व्हेटस्टोन चाचणी मुख्यतः अपूर्णांकांच्या शास्त्रीय आकडेमोडीसाठी रचलेली, तर 1984 ची ड्रायस्टोन पूर्णांक व अक्षरमालांच्या कामासाठी. म्हणजे कर्त्यासमोर जे काम होते, त्याचेच ते माप. 1988 साली स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेने प्रत्यक्ष वापरातील प्रोग्रॅमांवर भर दिला खरा, परंतु तिच्या पहिल्याच संचातील मॅट्रिक्स300 ही चाचणी कंपायलर रचणाऱ्यांनी अशी काही हस्तगत केली की, यंत्र तेच असूनही गुण अनेक पटींनी फुगले, आणि 1992 च्या संचातून ती वगळण्यात आली. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून मिळवलेल्या प्रथम श्रेणीची किंमत आपल्याकडे कोणास सांगावयास नको.

तथापि गुणांक सर्वस्वी त्याज्य आहेत, असा माझा दावा नाही. चित्रफितींचे संपादन करणाऱ्यास किंवा त्रिमितीय आराखडे काढणाऱ्या वास्तुविशारदास सर्व कोर एकदम जुंपणाऱ्या चाचणीचा निकाल अवश्य उपयोगी पडतो, कारण तेथे चाचणी आणि काम एकाच जातीचे असतात. पत्रे टंकणे, हिशेब ठेवणे, वीजबिल भरणे यांची जात निराळी. त्यासाठी सामान्य माणसाने कोणते माप वापरावे, असा सवाल येईल. तर आपलीच सर्वांत मोठी फाइल दुकानात नेऊन, ती उघडण्यास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहावे, याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

शेवटी आम्ही फिरती डिस्क काढून तेथे एसएसडी बसवली व रॅम दुप्पट केली. प्रोसेसर तोच, तक्त्यातील त्याचा गुणांकही तोच. परंतु आता ग्रंथपालांचा चहा येण्यापूर्वीच नोंदवही उघडलेली असते.

सबब विनंती अशी की, यापुढे आपल्या पत्रात असे तक्ते छापताना प्रत्येक आकड्याशेजारी, संगणकाच्या कोणत्या भागाची व कोणत्या कामात ही परीक्षा झाली, एवढा तपशील देण्याची तजवीज व्हावी.

आपला नम्र,
एक ग्रंथालय-कार्यवाह, सातारा