पलंगाखालची सतार

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खाताना वाचली. शेजारच्या बाईंनी पेपर पुढे सरकवला. "तुमचं माहेर ना हे?" हो म्हटलं आणि घास हातातच राहिला. कारण माझी स्वतःची मिरजेची सतार तेव्हा विलेपार्ल्यात, आमच्या पलंगाच्या पेटीत, जुन्या रजयांखाली पडून होती. बावीस वर्षं.

मिरजेत वाढलेल्या मुलीला सतार शिकणं फार मोठी गोष्ट वाटत नाही. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली चालत दहा मिनिटांवर. शाळेतून येताना उंबऱ्यात रंधा चालवणारे कारागीर दिसायचे, दाराशी पंढरपूरकडून आलेल्या वाळक्या भोपळ्यांची रास असायची. ही सगळी मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम कमी झालं, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानं वाद्यदुरुस्तीत हात घातला, आणि त्यातून हा धंदा उभा राहिला. पुढं उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली त्यांची मय्यतही तिथंच, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाली. उरुसात तिथं चिंचेच्या झाडाखाली मोठमोठे गवई हजेरी लावतात. लहानपणी मी अम्मीच्या मांडीवर झोपून ते ऐकलेलं आहे. ऐकलं कमी, झोपले जास्त.

अकराव्या वर्षी शिकायला लागले. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या, प्रवेशिका पूर्ण झाली. मग बीएड, मग निकाह, मग पार्ले. मी सून म्हणून आले तेव्हा स्टेशनवर उतरलं की बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास यायचा. आता तो कारखानाही बंद झाला. सतार माझ्यासोबत आली होती. सासूबाईंनी ती पाहिली, काही बोलल्या नाहीत, पण पलंगाच्या पेटीत जागा करून दिली. मीही विचारलं नाही. पुढं दोन बाळंतपणं, उर्दू माध्यमाची नोकरी, घरी तपासायला वह्या. कुणी मनाई केली म्हणून सुटली असं सांगितलं तर खोटं होईल. सुटली, बस्स.

बातमी वाचली त्याच रविवारी काढली. गवसणीला कसर लागलेली. तारा गंजून तांबूस झालेल्या, दोन तर हात लावताच तुटल्या. पडदे ज्या दोऱ्यांनी दांडीला बांधलेले असतात, त्यातले चार-पाच दोरे सुटले होते. मुंबईच्या दमट हवेनं खुंट्या फुगून इतक्या घट्ट बसल्या होत्या की शौहरांना बोलवावं लागलं. भोपळ्याला मात्र तडा नव्हता. रजयांनी तेवढं काम केलं.

नव्या तारा चढवल्या, मोबाइलवर षड्ज लावला, नखी बोटात घातली. ती रुतली, बोट जाड झालंय. मांडी घालून सतार धरायची तर डावं पाऊल उजव्या मांडीखाली जातं आणि त्यावर भोपळा टेकतो. सहा मिनिटांत पाय बधीर. शेवटी चटईऐवजी दुमडलेली सतरंजी घेतली आणि कुल्ल्याखाली उशी. तुमच्यापैकी कुणी जुनी पेटी, बुलबुलतरंग काही बाहेर काढणार असाल तर आधी बसायची सोय बघा, गत नंतर आठवा.

पण खरी अडचण पायाची नव्हती. बोटं विसरतात, कान विसरत नाही. यमनचा तीव्र मध्यम कुठं लागायला हवा ते कानाला पक्कं माहीत, आणि बोट पडद्याच्या अर्धा इंच अलीकडे. लहानपणी चुकत होते तेव्हा चुकतंय हे कळत नव्हतं, म्हणून मजेत होते. आता प्रत्येक चूक ऐकू येते. पहिला महिना मी दार लावून स्वतःच्याच नजरेतून उतरत होते. शाळेत ज्या पोरांना "प्रयत्न कर, जमेल" म्हणते, त्यांना काय वाटत असेल ते तेव्हा समजलं.

पार्ल्यात वाद्य वाजवणं नवलाचं नाही, हे एक बरं. आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर रोज संध्याकाळी पेटी चालते. पु. ल. देशपांडे याच पार्ल्यात वाढले, आणि ज्या पेटीला १९४० पासून तीसएक वर्षं आकाशवाणीनं बंदी घातली होती, ती त्यांनी हौसेनं आयुष्यभर वाजवली. त्यामुळं शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. तशी दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं, त्यात माझी सतार कुणाला ऐकू येणार!

तक्रार घरातून आली. मोठा मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. पाच वक्त नमाजी, आणि मला त्याचा अभिमान आहे. एके दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "अम्मी, तुम्हाला हे नक्की बरोबर वाटतं?"

साज-संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा निवाडा मी या पानावर करणार नाही, तेवढं माझं इल्म नाही. मी त्याला मिरजेचा दर्गा, खाँसाहेब, चिंचेचं झाड सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिथं होत आलंय म्हणून बरोबर ठरतं असं नाही ना, अम्मी." एका वाक्यात दलील मोडली. वीस वर्षं वर्गात उभी राहून मला उत्तर सुचलं नाही.

मग मी खरं ते सांगितलं. "बेटा, सकाळी साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत मी कुणाची तरी बाई असते, मॅडम असते, अम्मी असते. ही वीस मिनिटं मी कुणाचीच नसते. मला ती हवीत." तो गप्प राहिला. पटलं म्हणून नाही, बहुतेक माझा आवाज फाटला म्हणून. सासूबाई तसबीह घेऊन बसल्या होत्या, त्यांनी एवढंच म्हटलं, "असरनंतर वाजव. मगरीबच्या आधी बंद कर." बावीस वर्षांनी त्या सतारीबद्दल त्यांचं हे पहिलं वाक्य. तेव्हापासून तसंच चाललंय. अजानच्या वेळी हात थांबतो, रमजानमध्ये गवसणी चढते. मुलाचं मत मुलाकडे आहे, माझं माझ्याकडे. तो त्या वेळेला खाली क्रिकेट खेळायला जातो.

दिवाळीच्या सुट्टीत जवारी काढून घ्यायला मिरजेला जायचं ठरलं. घोडीवर तार जिथं टेकते तो पृष्ठभाग झिजला की आवाज चेपतो. तो कानशीनं घासून पुन्हा नीट करावा लागतो, आणि हे काम सगळ्यांना जमत नाही. शौहरांना रजा नव्हती. मुलगा म्हणाला, "मी येतो. ऐकायला नाही, ओझं उचलायला." महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्रभर त्यानं सतार आपल्या बर्थवर ठेवली आणि स्वतः पाय आखडून झोपला.

गल्लीतल्या चाचांनी मला ओळखलं नाही, सतारीला ओळखलं. दांडीखालचा हस्तिदंती रंगाचा तुकडा पाहून म्हणाले, "ही आमच्या हातची." मग घासायला बसले. कानशीचे दोन-तीन हात, तार छेडून ऐकायचं, पुन्हा एक हात. कागदाइतकंही जास्त घासलं तर आवाज गेला. मुलगा आधी मोबाइल बघत होता, नंतर त्यानं तो खिशात घातला. चाचांना विचारायला लागला, वक्रता किती अंशाची ठेवता, मोजता कशी? चाचा हसले. "कानानं, बेटा. आमचे पणजोबा तलवारीची धार अंगठ्यानं बघायचे, तसंच."

पैसे देताना चाचा सहज बोलून गेले की अब्बांनी या सतारीची किंमत चौदा महिने हप्त्यानं फेडली होती. "दर दहा तारखेला सायकलवरून यायचे. एकदाही चुकले नाहीत." अब्बा नगरपालिकेत कारकून होते. मला आजवर वाटत होतं, त्यांनी ती एकरकमी घेतली. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, आता विचारणार कुणाला? वाजवली दहा वर्षं, आणि मग बावीस वर्षं रजयांखाली ठेवली. त्या दिवशी मिरज स्टेशनवर मी फारसं बोलले नाही. मुलानंही विचारलं नाही, चहा आणून दिला.

सध्या यमनची एक गत संथ लयीत न अडखळता येते. द्रुत लयीत बोटं मागं राहतात, राहू देत. मध्यमा परीक्षेचा फॉर्म भरावा का, असं धाकटी विचारते. अजून ठरवलं नाही. गेल्या आठवड्यात बाजाची तार तुटली, ऐन असरनंतर. तारांचं बंडल संपलं होतं. मुलगा क्रिकेटला निघाला होता, जिन्यातून ओरडून त्यानं विचारलं, "कितवा नंबर लागतो, अम्मी?"

"तीन," मी म्हटलं. येताना दोन घेऊन आला.