नकाशातला पोटखराबा

मुदत संपली. पाणथळ जागा प्रत्यक्ष जाऊन तपासा, त्यांच्या हद्दी आखा आणि हे सारे तीन महिन्यांत उरका, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२४ रोजी राज्यांना बजावले होते. उपग्रहाच्या ॲटलासात देशभरात अशा २ लाख ३१ हजार १९५ जागा आहेत. तीन महिने केव्हाच उलटले. दिरंगाईचे आता कोणाला नवल उरलेले नाही. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या नकाशासाठी एवढी वाट पाहायची त्यात पाणी आहे, पाण्यावर जगणारा जीव नाही.

नेरूळच्या डीपीएस तलावाचेच पाहा. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. छान झाले. पण रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, खाडीच्या चिखलात चरतो तो ओहोटीला. भरती आली, चिखल बुडाला, की हजारोंचे थवे उठतात आणि नेरूळच्या तळ्यांवर, उरणच्या पाणजे-बेलपाड्याकडे जाऊन उतरतात. पाणी ओसरेपर्यंत एका पायावर तिथेच उभे राहतात. म्हणजे खाडी हे त्यांचे ताट आणि ही तळी त्यांचे अंथरूण. आपण ताटाभोवती रेघ मारली आणि अंथरुणावर गृहसंकुलांची स्वप्ने पाहिली. डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथे रोहित मरून पडले. पुढच्याच महिन्यात घाटकोपरवर विमानाच्या धडकेत तीसहून अधिक गेले. तलाव संवर्धन राखीव करायला राज्य वन्यजीव मंडळाची मान्यता मिळाली ती त्यानंतर, २०२५ मध्ये. शिवाय बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने खाडीला जोडलेल्या अशा सहा जागा नावानिशी सांगून ठेवल्या आहेत. उपग्रहाला न दिसलेले तज्ज्ञांनी दाखवून दिले, तरी ते पाहायचे नाही, असेच एकदा ठरले असेल तर बोलायचे काय?

मुळात २०१७ च्या पाणथळ नियमांतच पळवाट आहे. पाणथळ जागेच्या व्याख्येत नैसर्गिक आले, कृत्रिम आले, कायम आले, तात्पुरते आले. लगेच पुढे वगळण्याची यादी: नदीपात्र, भातखाचरे आणि माणसाने पिण्यासाठी, सिंचनासाठी, मिठासाठी, मत्स्यशेतीसाठी केलेली तळी. आता ही यादी घेऊन गोंदियाला जा. महाराष्ट्रात सारस पक्षी पन्नाससुद्धा उरलेले नाहीत आणि जे आहेत ते बहुतेक याच जिल्ह्यात. ते घरटे बांधतात धानाच्या बांधीत आणि दाणापाण्याला जातात मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर. बांधी म्हणजे भातशेती, म्हणून वगळली. मामा तलाव सिंचनाचा, म्हणून वगळला. राज्यातल्या अतिशय दुर्मीळ अशा पाणपक्ष्याचे घर कायद्याच्या लेखी पाणथळच नाही! गंमत अशी, की महाराष्ट्राला पहिला रामसर दर्जा मिळवून देणारे नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरीवर सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामागचे पाणी आहे. दर्जा मिरवताना माणसाने बांधलेले चालते. संरक्षण द्यायची वेळ आली की तेच आडवे येते.

आता मापाचे. न्यायालयाने तपासायला सांगितलेल्या जागा २.२५ हेक्टरांहून मोठ्या. पन्नास हजारास एक या प्रमाणातल्या नकाशावर एवढी जागा म्हणजे तीन मिलिमीटर बाजूचा चौकोन, साबुदाण्याच्या दाण्याएवढा. आणि जगात केवळ आंबोली परिसरात सापडणारा, अतिसंकटग्रस्त ठरलेला भेक अंडी घालतो ती सड्यावरच्या जांभ्याच्या खळग्यात साचलेल्या वीतभर पाण्यात. परातीएवढे डबके. तिथे त्याच्या पिल्लांचे सारे बालपण जाते. सातबाऱ्यावर त्या सड्याची नोंद काय? पडीक, नाहीतर पोटखराबा. पोटखराबा म्हणजे ज्यातून सारा येत नाही ती जमीन. इंग्रज गेले, साऱ्याचे महत्त्व गेले, पण जमिनीकडे पाहायचा तलाठ्याचा चष्मा तोच राहिला. कोकणातले सडे चिऱ्याच्या खाणींना आणि आंब्याच्या बागांना जातात तेव्हा कोणाच्याही परवानगीच्या फायलीत त्या डबक्याचा उल्लेख येत नाही. येणार कसा? नकाशात नाही म्हणजे नाहीच.

असे नकाशे होतच नाहीत, ही सबबही खरी नाही. अमेरिकेतले मॅसॅच्युसेट्स राज्य दुर्मीळ प्राण्यांच्या अधिवासाचे नकाशे स्वतः काढते आणि त्या रेषेच्या आत पाणथळीला हात लावायचा असेल तर अर्ज वन्यजीव तज्ज्ञांकडे गेलाच पाहिजे, असा दंडक घालते. उन्हाळ्यात आटून जाणाऱ्या डबक्याची नोंदही तिथे होते. गावातल्या कोणीही बेडकाच्या अंड्यांचे फोटो पुराव्यादाखल पाठवावेत. आपल्याकडे असे फोटो काढणारी पोरे गावोगाव आहेत. त्यांचे फोटो घेऊन ठेवणारे टेबल नाही.

घरे हवीत, विमानतळ हवा, कोणी नाही म्हणत नाही. पण आधी नकाशातून जागा गाळायची, मग ‘नकाशात कुठे आहे?’ असे विचारायचे, हा नियोजनाचा नाही, हातचलाखीचा प्रकार आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समित्यांनी हद्दी आखायला निघताना सोबत पक्षी ओळखणारा एक माणूस आणि खाडीत जाळे टाकणारा एक कोळी घ्यावा. नेरूळला उधाणाच्या भरतीला जावे, गोंदियाला धान गुडघाभर असताना आणि आंबोलीला जूनच्या पहिल्या पावसानंतर. मोजणी मे महिन्यात, तीही ओहोटीला उरकली, तर तिन्ही ठिकाणी कोरडी जमीनच सापडेल.