कुलूपबंद घर आणि पुनरुज्जीवन



ठाणे जिल्ह्यातील शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या कातकरी वाडीवर आपण ऐन पावसाळ्यात जा आणि दिवाळी सरल्यावर पुन्हा एकदा जा. पहिल्या भेटीत अंगणात मुले खेळताना दिसतील; दुसऱ्या भेटीत अनेक दारांना कुलपे दिसतील. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. ती पाऊस तोंडावर आला की परततात. इतरांच्या घरांसाठी विटा पाडणाऱ्यांचे स्वतःचे घर वर्षातील कित्येक महिने बंद असते. वंचित वस्तीचे पुनरुज्जीवन म्हणजे काय, याचा विचार या कुलपापासून सुरू व्हावा, असे मला वाटते.

कातकरी हे नाव काताशी जोडलेले आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा या जमातीचा जुना व्यवसाय. इंग्रजी अमदानीत वनकायद्यांनी जंगले राखीव केली आणि हा व्यवसाय हातचा गेला. बहुतेकांच्या नावे जमीन नव्हतीच. मग कोळसा पाडणे, मासेमारी, शेतमजुरी आणि शेवटी वीटभट्टी, अशी वाटचाल झाली. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची गणना आज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी देशातील अशा ७५ गटांसाठी ‘पीएम-जनमन’ हे अभियान सुरू झाले. पक्के घर, पिण्याचे पाणी, रस्ता, वीज, आरोग्य यांचा त्यात समावेश असून घरासाठी २ लाख रुपयांचे साहाय्य आहे. कुडाच्या झोपडीत पावसाळे काढलेल्या माणसाला पक्क्या भिंतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु भिंत पक्की झाली म्हणून कुलूप निघत नाही. त्याचे कारण पावसाळ्यातच दडलेले आहे. भातलावणी आटोपली की मजुरी थांबते आणि घरातले धान्य सरते. नेमक्या या दिवसांत भट्टीमालकाची किंवा मुकादमाची ‘उचल’ दारात येते. आज घेतलेल्या पैशांची परतफेड दिवाळीनंतर श्रमाने करायची असते. हंगामाअखेर हिशेब होतो आणि बाकी निघाली तर ती पुढच्या वर्षावर जाते. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. कायदा माणसाला मुक्त करू शकतो. पुढच्या श्रावणातली रिकामी कणगी मात्र तो भरू शकत नाही.

ही कणगी भरण्याचा विचार महाराष्ट्राने पूर्वी केला होता. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात पोटापाण्यासाठी साहाय्य देणारी खावटी कर्ज योजना १९७८ मध्ये सुरू झाली. ती पुढे बंद पडली. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ती एका वर्षापुरती अनुदानाच्या रूपाने परतली: कुटुंबामागे ४ हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. माझ्या मते दुखण्याची खरी नस तेव्हा हाती आली होती. ती फार लवकर सोडली गेली.

अशा मदतीने माणसे परावलंबी होतात, असा आक्षेप घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की हे कुटुंब आधीच कर्जावर जगते आहे. ते कोणाचे मिंधे राहणार, एवढाच प्रश्न आहे. पावसाळ्यात वेळेवर खावटी आणि दिवाळीनंतर वाडीजवळ रोजगार हमीचे काम, तेही आठवड्याच्या आठवड्याला मजुरी देणारे, या दोन गोष्टी घरकुलाच्या जोडीला आल्या, तरच उचल नाकारण्याचे बळ येईल.

म्हणून शासनाने बांधलेली घरे अवश्य मोजावीत. पण माघ महिन्यात त्यांपैकी किती घरांत चूल पेटते, हेही मोजावे.

मित्रहो, संसार आणि नोकरी सांभाळून आपण पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. शिक्षण मध्येच सुटणे म्हणजे काय, हे आपणांपैकी अनेकांना स्वानुभवाने ठाऊक आहे. भट्टीवर गेलेल्या मुलाची शाळा दरवर्षी अशीच मध्ये सुटते, आणि त्याला परतीची वाट आपल्याइतकी सहज सापडत नाही.